रक्तातील स्फुरद : औषधाची परीक्षा आणि रुग्णाची संमती

नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे आपल्या शेतकरी बांधवांना पाठ आहेत. यातील स्फुरद हाच डॉक्टरांच्या कागदावर ‘फॉस्फरस’ किंवा ‘फॉस्फेट’ या नावाने येतो. पिकाला तो कमी पडला तर मुळे वाढत नाहीत. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात मात्र तो साचत जातो आणि हाडे व रक्तवाहिन्या बिघडवतो. डायलिसिसवर असलेली माणसे आता गावोगाव आढळतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरीब रुग्णांनाही जिल्हा रुग्णालयांत ही सेवा मोफत मिळू लागली. अशा रुग्णांच्या औषधांची परीक्षा कशी होते आणि त्या वेळी आपले हक्क कोणते, हे आम्ही या खेपेस सांगणार आहोत.

स्फुरद का साचतो?

निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम स्फुरद असतो. दूध, अंडी, मांस, मासळी व डाळी यांतून रोज सुमारे एक ग्रॅम स्फुरद पोटात जातो आणि जादा झालेला मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकली की ही वाट बंद होते. डायलिसिसच्या एका खेपेस साधारणतः एक ग्रॅमहूनही कमी स्फुरद निघतो आणि अशा खेपा आठवड्यातून दोन किंवा तीनच होतात. आवक रोजची आणि जावक अधूनमधून, मग साठा वाढणारच. अंगाला खाज सुटते. मानेतील लहान ग्रंथी चेकाळून हाडांतील कॅल्शियम ओढून काढतात. कॅल्शियम व स्फुरद मिळून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसतात, त्या कडक होतात आणि हृदयावर ताण येतो.

जमिनीत नुकसान, पोटात औषध

चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकलेला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, तर तांबड्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी. त्यामुळे तो पिकाला पुरेसा मिळत नाही. शेतात जे नुकसान, तेच पोटात औषध ठरते. जेवणाबरोबर घेतलेली गोळी अन्नातील स्फुरद आतड्यातच बांधते व शौचावाटे बाहेर नेते. म्हणूनच ही गोळी जेवतानाच घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर ती जवळजवळ वाया जाते.

१९७० च्या दशकात यासाठी ॲल्युमिनियमची औषधे सर्रास दिली जात. स्फुरद छान उतरे, पण ॲल्युमिनियम शरीरात साचून कित्येकांचा मेंदू व हाडे बिघडली. नंतर कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. त्या स्वस्त आहेत, पण जादा कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचण्याची धास्ती असते. पुढे सेवेलामेर, लँथेनम व लोहाची औषधे निघाली. २०२३ मध्ये अमेरिकेने टेनापॅनॉर या औषधाला मान्यता दिली. ते स्फुरद बांधत नाही, तर आतड्यातून तो रक्तात शिरण्याचे प्रमाण कमी करते.

आकडा उतरला, पुढे काय?

पीक हिरवेगार दिसले म्हणून खळ्यावर दाणा भरपूर येईलच असे नाही. या औषधांनी रक्तातील आकडा उतरतो. परंतु रुग्ण अधिक वर्षे जगतो काय, त्याचे हृदय वाचते काय, हा खरा प्रश्न आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दोन हजारांवर रुग्ण होते. महाग सेवेलामेर आणि स्वस्त कॅल्शियम यांच्यात एकूण मृत्यूंच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही. २०२१ मध्ये जपानमधील चाचणीत लँथेनम व कॅल्शियम यांची तुलना झाली. तेथेही हृदयविकार टाळण्यात फरक आढळला नाही. म्हणून महाग औषध तेच चांगले, असे कोणी समजू नये.

ही परीक्षा होते आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटसारखीच. एकाच शेताच्या दोन पट्ट्यांत दोन खते टाकून उत्पन्न मोजावे, तसे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट करतात व दोघांकडे सारखेच लक्ष ठेवतात. अशा चाचण्या झाल्या नाहीत तर ॲल्युमिनियमसारखी चूक पुन्हा घडेल. पण माणूस म्हणजे जमिनीचा पट्टा नव्हे. त्याला विचारावे लागते.

भोपाळचा धडा

न विचारल्यास काय होते, हे भोपाळने दाखविले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तेथे विषारी वायू पसरला. त्यात होरपळलेल्यांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय २००० मध्ये सुरू झाले. २००४ ते २००८ या काळात तेथील रुग्णांवर कंपन्यांच्या नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या. ही औषधे स्फुरदाची नव्हती. ती हृदयविकार, जंतुसंसर्ग अशा दुखण्यांवरील होती. चाचण्यांच्या काळात काही रुग्ण दगावले. मृत्यू औषधानेच झाले असे सिद्ध झाले नाही. परंतु आपल्यावर चाचणी चालू आहे हे ठाऊकच नव्हते, असे अनेक रुग्णांनी व कुटुंबीयांनी सांगितले.

डायलिसिसचा रुग्णही असाच अडलेला असतो. त्याचा जीव यंत्रावर अवलंबून आहे. ‘नाही म्हटले तर माझा नंबर जाईल काय?’ ही भीती त्याच्या मनात असते. कायदा सांगतो की तसे करता येत नाही. १५ जून २००९ पासून देशात प्रत्येक औषध-चाचणीची सरकारी नोंद सक्तीची झाली. २०१३ मध्ये चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईचे नियम आले आणि २०१९ मध्ये नवे सविस्तर नियम लागू झाले.

अंगठा किंवा सही करण्यापूर्वी

१. हा उपचार आहे की चाचणी, हे स्पष्ट विचारा. माहितीपत्रक मराठीत मागा.
२. दुसऱ्या गटाला काय मिळणार? बिनऔषधी गोळी तर नाही ना?
३. चालू असलेल्या गोळ्या बंद होणार काय?
४. इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई कोण देणार?
५. केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क आहे व त्यामुळे डायलिसिस थांबणार नाही, हे लेखी पाहा.
६. कागदाची प्रत घरी आणा.

वाचता न येणाऱ्या रुग्णाबरोबर कुटुंबातील किंवा धर्मग्रामातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने जावे आणि कागद मोठ्याने वाचून दाखवावा. आजाऱ्याला भेटून प्रार्थना करणे ही सेवा आहे, तशी हीदेखील सेवाच आहे.

शेवटी एक सूचना. हा लेख वाचून कोणी गोळ्या परस्पर बंद करू नयेत, तसेच अंडी, डाळ, मासळी एकदम सोडू नये. डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिने लागतात. किती खावे हे डॉक्टरांना विचारावे. डबाबंद मांस व काळी शीतपेये मात्र टाळावीत, कारण त्यांत मिसळलेला स्फुरद जवळजवळ सगळा रक्तात उतरतो. विचारपूर्वक दिलेला होकार पुढच्या रुग्णांच्या उपयोगी पडेल, आणि विचारपूर्वक दिलेला नकारही तितकाच मानाचा आहे.