आधी शाळा, मग मैदान

३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. राणाने इंग्लंडचे तीन बळी घेतले, आणि अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज चालतो का, यावर वाद रंगला. डोक्याला मार बसला की बदली खेळाडू मिळतो, याचं मात्र कोणाला नवल वाटलं नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हा नियम ऑगस्ट २०१९मध्ये आला. त्यामागचं काम चार दशकांचं आहे, आणि त्यात मोठा वाटा न्यूरोसायकॉलॉजिस्ट मंडळींचा, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांचा संबंध तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा आहे.

त्यांची गरज का पडली? कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूच्या कामात येणारा बिघाड, सहसा सीटी स्कॅनवर दिसतच नाही. हाड शाबूत, रक्तस्राव नाही, तरी मुलाला काल वाचलेलं आठवत नाही.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जेफ्री बार्थ यांनी १९८०च्या दशकात एक साधी युक्ती केली. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग त्यांनी हंगामाआधीच मोजून ठेवला. मार बसला की तीच चाचणी पुन्हा. म्हणजे खेळाडूची तुलना त्याच्याशीच. बहुतेक जण पाच ते दहा दिवसांत पूर्ववत होताना दिसले.

मेलबर्नचे डेव्हिड मॅडॉक्स यांनी १९९५मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. नाव किंवा जन्मतारीख विचारून फारसं काही कळत नाही, ती पाठच असते. त्यापेक्षा विचारावं : आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कोणी केला? गेल्या आठवड्यात कोणाशी खेळलो? ताज्या आठवणीच आधी निसटतात.

हे सगळं मोठ्यांसाठी होतं. मुलांकडे लक्ष वळलं ते एका दुर्घटनेनंतर. २००६मध्ये वॉशिंग्टन राज्यातला १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेड डोकं आपटल्यावर थोडी विश्रांती घेऊन पुन्हा खेळायला उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. जीव वाचला, पण बोलणं, चालणं नव्याने शिकावं लागलं. २००९मध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला : शंका आली की मूल मैदानाबाहेर, आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेतल्या सर्व ५० राज्यांनी असे कायदे केले.

मुलांसाठी चाचणीही वेगळी लागते. २०१३मध्ये ५ ते १२ वयोगटासाठी स्वतंत्र चाचणी आली. मोठ्यांना महिने उलटे म्हणायला लावतात, लहानग्यांना आठवड्याचे वार. रविवार, शनिवार, शुक्रवार... आणि मूल तिथेच थांबतं. टेंगूळसुद्धा नाही, पण गुरुवार सापडत नाही. तपासणारा मदत करत नाही, फक्त टिपून ठेवतो. शिवाय वाढत्या मेंदूची जुनी नोंद लवकर शिळी होते. दहाव्या वर्षीचा आकडा तेराव्या वर्षी कामाचा नाही.

या क्षेत्राने स्वतःची चूकही सुधारली, आणि ते सगळ्यात कौतुकाचं. मुलाला दिवसेंदिवस अंधाऱ्या खोलीत, पुस्तक-मोबाइलशिवाय निजवून ठेवण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. २०१५मध्ये मिलवॉकीतल्या अभ्यासात पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्या मुलांनीच जास्त त्रास सांगितला. २०१९च्या एका अभ्यासात हलका व्यायाम करणारे किशोर साधारण १३ दिवसांत बरे झाले, फक्त स्ट्रेचिंग करणारे १७ दिवसांत. आता एक-दोन दिवस आराम, मग चालणं.

आणि मग शाळा. वॉशिंग्टन डी.सी.च्या चिल्ड्रन्स नॅशनल रुग्णालयातले बाल-न्यूरोसायकॉलॉजिस्ट जेरार्ड जिओइया यांनी शाळेत परतण्याचा मुद्दा सातत्याने लावून धरला. शाळेत परतताना तपासणीनंतर शिक्षकांसाठी बारीकसारीक सूचना लागतात : सुरुवातीला अर्धा दिवस, फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती नाही, डोकं दुखलं तर शांत खोलीत पंधरा मिनिटं, गणिताचा पेपर पुढच्या आठवड्यात. पूर्ण दिवस वर्गात निभावला की मगच सामन्याचा विचार.