कोणता कोर्स केला की नोकरी लागते?

बारावीचा निकाल लागला की बीबी आणि आजूबाजूच्या खेड्यांतले पालक एकच प्रश्न विचारतात, "सर, कोणता कोर्स केला की पोराला नोकरी लागंल?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक झालेल्या असतात. कोर्समधून प्रमाणपत्र मिळते. नोकरी भरतीतून मिळते.

आमच्या डी.एड.चंच उदाहरण घ्या. बारावीनंतर दोन वर्षे डी.एड. केलं की मास्तरकी पक्की, असं एकेकाळी गावोगावी समजलं जायचं. समजा, एखाद्याने 2010 ला प्रवेश घेतला आणि 2012 ला पास झाला. त्याच वर्षी राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. 2013 पासून टीईटी आली. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर 2017 मध्ये, आणि तिच्यावरची पवित्र पोर्टलची निवडयादी लागली 2019 ला. म्हणजे पदविका हातात असून सात वर्षे गेली! पुढची चाचणी 2023 ला, त्यानंतरची 2025 ला. दरम्यान वय काही थांबत नाही. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गासाठी 43 ही वयोमर्यादा आहे.

अजूनही बऱ्याच पालकांना वाटतं की टीईटी पास म्हणजे नोकरी. तसं नाही. टीईटी 150 गुणांची, ती पात्रता ठरवते. अभियोग्यता चाचणी 200 गुणांची, निवड तिच्या गुणांवर होते. निवड झाल्यावरही आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. प्राथमिकला त्याचं मानधन 2023 पासून 16,000 रुपये आहे, त्याआधी 6,000 होतं.

म्हणून कोणत्याही कोर्सची फी भरण्याआधी कॉलेजवाल्याला नाही, तर तोच कोर्स करून बसलेल्या दोन-चार पोरांना विचारा: यातली भरती कोण करतं? मागची कधी झाली? निवड कशावर होते? जाहिरातीपेक्षा ही माहिती जास्त उपयोगाची असते.

आयटीआयचंही तसंच आहे. ट्रेड निवडताना शिकाऊ उमेदवारी कुठल्या कारखान्यात मिळते ते आधी पहा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 पासून बारावी पासला 6,000, आयटीआयवाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. अनुभवासाठी चांगलं आहे, पण ते प्रशिक्षण आहे. "पोरगं सरकारी नोकरीला लागलं" म्हणून पेढे वाटू नका.

आणि "सेटिंग आहे, पैसे द्या" म्हणणाऱ्याच्या नादी तर लागूच नका. 2019-20 च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचं उघड झालं, तेव्हा हजारो उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. वावर विकलेलं परत येत नाही.

एक काम मात्र आपल्या प्राथमिक शाळेतच होऊ शकतं. कागदपत्र तपासणीत पोरं अडकतात ती बऱ्याचदा नावावरून. दाखल-खारीज रजिस्टरला एक नाव, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं. पहिलीत नाव घालतानाच जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. राहिलंच, तर दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घ्या.