तान्हं लेकरूही शिकवतं शाळा!

मोडनिंब (ता. माढा) : घरात तान्हं लेकरू रडू लागलं, की थोरली पोरगी पाटी बाजूला ठेवून उठते. पोरगा बहुधा जागचा हलत नाही. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण लेकरू सांभाळणं हा पोरीच्या एकटीच्या डोक्यावरचा भार न ठेवता अख्ख्या वर्गाचा धडा केला तर? जगात असा प्रयोग झाला आहे, आणि त्याच्याशी नातं सांगणारं काम आपल्या महाराष्ट्रात त्याही आधी झालं आहे.

बाळ हाच गुरुजी

कॅनडातल्या टोरांटो शहरात १९९६ साली मेरी गॉर्डन या बाईंनी ‘रूट्स ऑफ एम्पथी’ नावाचा उपक्रम सुरू केला. शाळेजवळच्याच एखाद्या घरातलं दोन-चार महिन्यांचं बाळ आई किंवा बापाबरोबर वर्गात येतं. वर्षभरात अशा नऊ भेटी होतात. हिरव्या चादरीवर बाळाला ठेवतात, मुलं भोवतीनं बसतात. प्रत्येक भेटीच्या आधी आणि नंतर एकेक तासिका असते, म्हणजे एकूण २७ तासिका.

शिकवायचं काय? फक्त बघायचं आणि विचार करायचा. बाळ का रडतंय? भूक लागली, झोप आली, की नवी तोंडं बघून बुजलं? त्याला बोलता येत नाही, तेव्हा आपणच ओळखायचं. दुसऱ्याचं मन ओळखता ओळखता पोराला स्वतःचं मनही कळू लागतं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या अभ्यासकांना अशा वर्गांतल्या मुलांत दांडगाई कमी आणि मदतीची वृत्ती जास्त आढळली. पुढे न्यूझीलंड, स्कॉटलंडमध्येही हा उपक्रम गेला.

कोसबाडची टेकडी

आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली, ती ‘अंगणवाडी’. पुढे हे काम जवळच्या कोसबाडला गेलं. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या आदिवासी पाड्यांवर अडचण अशी, की थोरलं मूल धाकट्याला सांभाळायला घरी राही. मग बायांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. कडेवरच्या लेकरासकट शाळेत या, असाच त्याचा अर्थ. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा नेली.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं.

आपल्या गावात काय करता येईल?

उजनीच्या पाण्यावर माढा तालुका ऊसवाला झाला. गाळपाच्या हंगामात फडाकडेला कोपी पडतात. आईबाप पहाटेच तोडीला जातात आणि धाकट्याला सांभाळायला पोरगी मागं राहते. तिचं शाळेचं वर्ष तिथंच बुडतं. गावातल्या पोरींचंही सुगीच्या दिवसांत वेगळं नसतं. म्हणून दोन कामं जोडीनं व्हायला हवीत. एक, शाळेच्या वेळेत लहानग्यांची सोय. दोन, महिन्यातून एकदा बाळाची वर्गात भेट.

दुसऱ्या कामाला फारसा पैसा लागत नाही. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतंच. तिथल्या ताईंनी आई किंवा बाप राजी असलेलं एखादं बाळ अर्धा तास तिसरी-चौथीच्या वर्गात आणावं. वजन फळ्यावर मांडावं. जन्माचं वजन साधारण पाच-सहा महिन्यांत दुप्पट होतं, हे पोरांनी स्वतः गणित करून बघावं. लस कधी, वरचं खाणं कधी, हेही ओघानं येतं. पथ्यं मात्र पाळावीत : हात धुतलेले हवेत, सर्दी-खोकला असलेल्यानं लांब बसावं, बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवू नये, बाळ कंटाळलं की भेट संपवावी. आणि पोरगेही पुढच्या रांगेत बसवावेत.

पहिल्या कामाला पैसा लागतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. त्यातून पाळणा, सतरंजी, एका बाईचं मानधन निघतं का, हे सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीनं एकत्र बसून बघावं. गुळगुळीत ठराव करून दप्तरी लावण्यापेक्षा एक वर्ष करून बघणं बरं.

‘परदुःख शीतळ’ म्हणतात. बांधावरून भावाभावात कोर्टकचेऱ्या चालतात, त्यातही दुसऱ्याच्या जिवाची कळ न कळणं हेच मूळ असतं. ती कळ लहानपणीच ओळखायला शिकवायची, तर बोलता न येणाऱ्या लेकरासारखा मास्तर नाही. तो पगार मागत नाही आणि गावात घरोघर आहे. शाळेचं दार तेवढं उघडं ठेवायला हवं.