झीरो ट्रस्ट: आत आलात म्हणून विश्वास नाही

२००९ मध्ये गूगलवर ‘ऑपरेशन ऑरोरा’ हा सायबर हल्ला झाला. त्यानंतर कंपनीने धाडसी निर्णय घेतला: ऑफिसचं नेटवर्कही इंटरनेटइतकंच असुरक्षित मानायचं. त्यातून ‘बियाँडकॉर्प’ उभं राहिलं. कर्मचारी ऑफिसात असो की कॅफेत, व्हीपीएन लागत नाही, पण तपासणी होतेच. माणूस तोच आहे ना? लॅपटॉप कंपनीच्या नोंदीतला आहे ना? त्यावर अपडेट्स टाकलेत ना?

झीरो ट्रस्ट म्हणतात ते हेच. ही कल्पना २०१० मध्ये फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरव्हॅग यांनी मांडली. जुन्या पद्धतीत फायरवॉल ओलांडली की पुढे मोकळं रान!

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कमीत कमी अधिकारांचं तत्त्व. पगारपत्रक करणाऱ्याला पगाराची सिस्टीम दिसावी, तीही कामापुरतीच; सोर्स कोड नाही. शिवाय हल्लेखोर आधीच आत शिरलाय असं धरूनच नेटवर्कचे छोटे छोटे भाग पाडायचे. मग एखादा पासवर्ड फुटला तरी नुकसान आटोक्यात राहतं.

हे एखादं विकत आणून बसवायचं सॉफ्टवेअर नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेचा झीरो ट्रस्टवरचा ८००-२०७ हा दस्तऐवज (ऑगस्ट २०२०) मोफत मिळतो. तो जरूर वाचा.