दहा पौंडांची वाट

आमच्या पिढीतील बहुतेक घरांत फडताळाच्या मागच्या कप्प्यात एखादे चांदीचे बोंडले असे. पसरट, होडीसारखे, एका बाजूस निमुळती चोच काढलेले. ते बारशाला आजोळहून आलेले असे, आणि घरातल्या चारपाच बाळांना पाजून झाल्यावर काळवंडून पडलेले असे. दुधाच्या बाटल्या आल्या आणि बोंडली मागे पडली. असेच एक बोंडले, माझ्या सासूबाईंच्या काळचे, मी गेल्या श्रावणात घासूनपुसून, पाण्यात उकळून येथल्याच एका शिशुगृहात नेऊन दिले. त्याची ही हकीकत आहे. पण हकीकतीपेक्षा तिच्या निमित्ताने जे कळले ते अधिक सांगण्याजोगे आहे.

शिशुगृहाच्या दाराशी एक पाळणा बांधलेला असतो. ज्यांना मूल सांभाळणे अशक्य झाले त्यांनी ते उकिरड्यावर न टाकता येथे ठेवावे, कोणी नावगाव विचारणार नाही, हा त्याचा अर्थ. त्या पाळण्यात ती सापडली तेव्हा अदमासे वीस दिवसांची असावी. अंगावर स्वच्छ झबले होते, कपाळावर काजळाची तीट होती. वरचा ओठ मात्र नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता, आणि रडायला तोंड उघडले की टाळूतही मागपर्यंत फट दिसे. तीट लावणाऱ्या हातानेच तिला तेथे ठेवले असणार. मला त्या हाताचा राग करता आला नाही.

आपल्या घरांत अजूनही म्हणतात की गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरली की बाळाचा ओठ फाटतो. किती सुनांनी या एका वाक्यापायी जन्मभर मान खाली घातली असेल! वस्तुस्थिती अशी की गर्भाच्या सहाव्यासातव्या आठवड्यात चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग मध्ये येऊन सांधतात व वरचा ओठ तयार होतो. टाळू त्यानंतर काही आठवड्यांनी सांधते. हा सांधा कधी अपुरा राहतो. त्या वेळी कित्येकींना आपल्याला दिवस गेले आहेत हेही नीटसे उमगलेले नसते. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळात हे व्यंग आढळते. काही अंशी ते आनुवंशिक असते, काही अंशी पोषणाशी व औषधांशी निगडित असते. ग्रहणाचा आणि विळीचा त्यात काहीही हात नाही.

हे व्यंग दुरुस्त होते, आणि फार चांगले दुरुस्त होते. ओठाची शस्त्रक्रिया तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, टाळूची वर्षाच्या आगेमागे. खर्चाचाही प्रश्न पूर्वीसारखा उरलेला नाही. १९९९ साली सुरू झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेच्या साहाय्याने आपल्या देशातील अनेक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. २००९ साली ऑस्कर मिळालेला ‘स्माइल पिंकी’ हा लघुपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ते ठाऊक आहे. तेव्हा शल्यविशारद तयार होते, खाट तयार होती, पैसा लागणार नव्हता. अडले होते ते वजनाशी.

शल्यविशारदांचा एक जुना दंडक आहे: बाळ दहा आठवड्यांचे असावे, वजन दहा पौंड असावे आणि रक्तात हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावे. भूल देण्याचे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे, तरी हा दहाचा आडाखा अजूनही नजरेसमोर ठेवला जातो. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. आमच्या या पोरीचे वजन बारा आठवड्यांची झाली तरी दोन किलो नऊशे पन्नास ग्रॅम होते, आणि नोंदवहीत तीन आठवडे जवळपास तोच आकडा पुनःपुन्हा लिहिलेला होता.

कारण उघड आहे. टाळूला फट असली की बाळाला ओढ घेता येत नाही. बाटली तोंडात दिली तरी ते नुसते चघळत राहते, दमते आणि उपाशीच झोपी जाते. आडवे धरून पाजले तर दूध नाकातून येते. म्हणून बाळाला जवळजवळ उभे धरावे लागते, आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने ओठाच्या कडेला थोडे थोडे दूध सोडावे लागते. हवाही फार गिळली जाते, त्यामुळे मध्ये मध्ये खांद्यावर घेऊन ढेकर काढावा लागतो. असे एक पाजणे चाळीस मिनिटांचे होते. दिवसाकाठी आठ वेळा पाजायचे म्हटले तर सव्वापाच तासांहून अधिक वेळ झाला, तोही एका बाळासाठी. शिशुगृहात रात्रपाळीला दोन मासी होत्या (आपण मावशी म्हणतो, येथे बडोद्यात मासी म्हणतात) आणि बाळे अकरा होती. हिशेब कोठे चुकत होता हे सांगायला डॉक्टर नकोत. त्या बायांना दोष देणाऱ्याने एक रात्र तेथे काढून पाहावी.

या ठिकाणी मला एक जुनी गोष्ट आठवते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात १९३१ पासून हॅरी बॅकविन हे बालरोगविभागाचे प्रमुख होते. संसर्गाच्या भीतीने तेथे बाळांना कोणी शक्यतो स्पर्शही करू नये अशी शिस्त होती आणि दारावर हात धुण्याबद्दलची पाटी होती. बॅकविन यांच्या ध्यानात आले की रुग्णालयात ज्यांचे वजन काही केल्या वाढत नाही ती बाळे घरी गेली, मग ते घर कितीही गरिबाचे व अस्वच्छ असो, की भराभर भरतात. त्यांनी ती पाटी काढली आणि दुसरी लावली: एखादे बाळ उचलून घेतल्यावाचून या दालनात येऊ नये. १९४२ साली त्यांनी या विषयावर जो निबंध लिहिला त्याचे शीर्षक अर्भकांच्या एकाकीपणाविषयी होते.

त्यानंतर तीनचार वर्षांनी रेने स्पिट्झ या मनोवैज्ञानिकाने दोन ठिकाणच्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. एक होते अनाथ अर्भकालय. तेथे डॉक्टर होते, स्वच्छता काटेकोर होती, परंतु एकेका परिचारिकेकडे सातआठ बाळे होती आणि पाळण्यांच्या कडांवर चादरी टाकलेल्या असल्यामुळे बाळांना छताखेरीज काही दिसत नसे. दुसरे होते स्त्रियांच्या तुरुंगातील पाळणाघर. तेथे कैदी आयाच आपापली मुले सांभाळत. दोन वर्षांत अर्भकालयातील ९१ बाळांपैकी ३४ दगावली. तुरुंगातले एकही गेले नाही. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, ती काही अंशी योग्यही असेल. पण मूळ मुद्दा कोणाला खोडता आलेला नाही.

आणि हे केवळ मायेचे बोलणे नव्हे, हे बोगोटाने दाखवले. कोलंबिया देशाच्या त्या राजधानीतील एका प्रसूतिरुग्णालयात एकाच काचपेटीत दोन दोन, तीन तीन अपुऱ्या दिवसांची बाळे ठेवावी लागत. १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी, व त्यांच्यामागून डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी, बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारूच्या नावाने ती आता जगभर चालते, आपल्या सरकारी रुग्णालयांतही. आई नसेल तर बाप, आजी किंवा दुसरे कोणीही निरोगी माणूस ही ऊब देऊ शकते. दुधाच्या बाबतीतही असेच. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी काढली. अंगावर दूध अधिक असणाऱ्या बाया ते तेथे देतात आणि ज्यांना आईचे दूध नाही त्यांच्या मुखात ते जाते. मला स्वतःला सर्व दानांत हे दान मोठे वाटते.

मराठी माणसाला या कामाची परंपरा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, हे शाळकरी पोरांनाही पाठ असते. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो शिकून डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर मायलेकरांनी मिळून रोग्यांसाठी दवाखाना चालवला. आजारी मुलाला पाठीवरून आणताना सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पंढरपूरचे वा. बा. नवरंगे बालकाश्रम १८७५ पासूनचे. ते प्रार्थना समाजाचे खरे, पण त्याचा पाया घातला तो तेथे न्यायखात्यात नेमणुकीवर आलेल्या लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या गुजराती गृहस्थांनी. वारीच्या गर्दीत अडलेल्या विधवा पंढरीला येत आणि मागे मूल ठेवून जात, हे त्यांनी पाहिले. एका गुजराती माणसाने विठोबाच्या दारची बाळे वाचवली, हे गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांनी विसरू नये असे मला वाटते.

असो. श्रावणातल्या त्या दिवशी मी बोंडले दिले आणि अधीक्षिकाबाईंना म्हटले, “दुपारचे दोन वेळचे पाजणे मी करते. रोज.” त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. वाढदिवसाला केक घेऊन येणारी, पाच मुलांना एकेक मिनिट घेऊन, नकार मिळेपर्यंत छायाचित्रांचा हट्ट धरणारी मंडळी त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. माझी वैद्यकीय तपासणी झाली, पोलीस ठाण्यातून चारित्र्याचा दाखला आणावा लागला. साठी उलटलेल्या शिक्षिकेला तो मागताना ठाणेदारालाच अवघडल्यासारखे झाले! पण नियम बरोबर आहे. बाळे कोणाच्याही हाती देऊ नयेत.

त्यांची खरी शंका वेगळी होती. त्या म्हणाल्या, “ताई, हिला तुमची सवय लागेल. उद्या हिला घर मिळाले, की पुन्हा तोडायचे. आधीच एकदा तुटली आहे.” मला उत्तर सुचले नाही. शिशुगृहात येणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी ते दिले. त्यांचे म्हणणे, एका माणसाशी जडलेले मूल दुसऱ्याशीही जडते. कोणाशीच न जडलेल्याला पुढे ते फार कठीण जाते. मग मासींपैकी एकीने आपणहून सांगितले की रात्रीचे पाजणे दुसऱ्या कोणी करायचे नाही, तीच करील. त्या बाईला स्वतःची तीन मुले आहेत आणि पगार काय असतो ते लिहायला लाज वाटते. सकाळच्या वेळा शेजारच्या सोसायटीतील दोघीजणींनी वाटून घेतल्या. म्हणजे अनेक हातांऐवजी तिला चारच मांड्या मिळाल्या, पण त्या रोजच्या.

पहिल्या आठवड्यात वजन ऐंशी ग्रॅम वाढले. दुसऱ्यात दीडशे.

शस्त्रक्रियेसाठी देणगी मागितली तर लोक देतात; त्यात आधीचे व नंतरचे असे दोन चेहरे दाखवता येतात. चाळीस मिनिटांच्या पाजण्याचे छायाचित्र काय काढणार? आणि हे ओठापुरतेच नाही. वाकड्या पावलांच्या बाळांना पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाय सरळ करता येतात, पण पुढे सुमारे चार वर्षांचे होईपर्यंत रोज रात्री पट्टीचे बूट घालून निजवावे लागते. ते न घातले तर पाऊल पुन्हा वळते. टाळू शिवल्यावरही कानाची तपासणी, बोलण्याचे शिक्षण चालूच राहते. डॉक्टरचे काम काही तासांचे आणि घरचे काम काही वर्षांचे, असा हा मामला आहे.

म्हणून घर हवे. पाळण्यात सापडलेल्या दोन वर्षांखालील मुलाच्या पालकांचा शोध घेऊन दोन महिन्यांच्या आत बालकल्याण समितीने त्याला दत्तकास मोकळे ठरवावे, असा २०१५ च्या कायद्याचा दंडक आहे. आमच्या पोरीचे ते कागद झाले आहेत. दत्तक देण्याच्या केंद्रीय व्यवस्थेत विशेष गरजा असणाऱ्या मुलांची वेगळी नोंद असते, आणि त्यांतील पुष्कळांना परदेशातील घरे मिळतात. आपल्याकडची जोडपी वर्षानुवर्षे निरोगी तान्ह्या बाळासाठी थांबतात. तीन टाक्यांत बुजणाऱ्या ओठाकडे पाहून मान फिरवतात. त्यांनाही मी फार बोलणार नाही. भीती असते. पण ज्यांच्या मनात आहे त्यांनी निदान एकदा प्लास्टिक सर्जनला भेटून विचारावे, एवढे मात्र जरूर सुचवीन.

दसऱ्याच्या दिवशी मी सोने द्यायला गेले तेव्हा ती जागीच होती. हल्ली माझा आवाज ऐकला की पाय झाडते. दूध पिताना एका हाताने बोंडल्याची चोच धरते आणि निम्मे सांडते. मासीने तिला काट्यावर ठेवले, मी चष्मा पुसून आकडा वाचला. चार किलो शंभर. अजून चारशे ग्रॅम हवेत.