कॉलेज सुरू होण्याआधी जंगलात मुक्काम : पालकांनी काय विचारून घ्यावं?

मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, व्हिसाही झाला. मग कॉलेजचा ईमेल येतो: वर्ग सुरू होण्याआधी काही दिवस डोंगर-जंगलात मुक्काम. अम्मीच्या पोटात गोळा येतो.

ही नवी टूम नाही. डार्टमथ कॉलेजात अशा सहली 1935 पासून निघतात, प्रिन्स्टनमध्ये 1974 पासून. नव्या विद्यार्थ्यांचा लहान गट, सोबत प्रशिक्षण घेतलेले सीनियर, पाठीवर सॅक, रात्री तंबू नाहीतर ताडपत्री. हेतू एवढाच की वर्गात पाय ठेवताना चार चेहरे ओळखीचे असावेत. परदेशातून एकट्या आलेल्या मुलांना त्याचा मोठा आधार होतो.

पण गटात मुलं-मुली एकत्र असतात. झोपण्याची सोय कशी, हे फॉर्म भरतानाच विचारा, लाजू नका. जेवणाच्या रकान्यात नुसतं ‘हलाल’ लिहून भागत नाही. ‘मांस आणि जिलेटिन नको’ असं स्पष्ट लिहा. शेकोटीवर भाजतात त्या मार्शमेलोत बहुतेक वेळा डुकराचं जिलेटिन असतं! डोंगर नकोच असेल, तर प्रिन्स्टनमध्ये समाजसेवेच्या गटाचाही पर्याय आहे.

प्रवासातली कस्र नमाज आणि पाणी नसताना तयम्मुम, दोन्ही मुलांनी ऐकलेलं असतं, केलेलं नसतं. मौलानांना विचारून घरीच एकदा सराव करून घ्या. सॅकमध्ये होकायंत्रही द्या. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. तिथे तो ईशान्येला येतो.