स्पर्धेला जाताना प्रेक्षकांचीही तयारी करूया



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे स्पर्धांचे दिवस सुरू होतात. केंद्रस्तर, बीटस्तर, तालुकास्तर, मग जिल्हास्तर. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे, लेझीम, समूहगीत, समूहनृत्य, वक्तृत्व, वेशभूषा... यादी मोठी असते. महिनाभर आधीपासून आपण मैदानावर घाम गाळतो. नृत्याच्या कपड्यांची जुळवाजुळव करतो, वक्तृत्वाचं भाषण पाठ करून घेतो. म्हणजे तयारी भरपूर होते, पण ती स्पर्धकांची. एका शाळेतून ३० मुलं गेली तर एका वेळी मैदानावर किंवा स्टेजवर असतात सात, नऊ, फार तर बारा. बाकीची मुलं त्या वेळी प्रेक्षक असतात. खरं तर दिवसाचा जास्तीत जास्त वेळ प्रत्येक मूल प्रेक्षकच असतं. आणि प्रेक्षक म्हणून कसं वागायचं हे आपण कधी शिकवलेलंच नसतं. "दंगा करू नका, एका जागी बसा" एवढीच काय ती सूचना.

त्याचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. एक, समोर सादर करणाऱ्या मुलावर. दोन, संध्याकाळी त्या मैदानावर. आज या दोन्हींबद्दल थोडं सविस्तर बोलू.

प्रेक्षकाच्या आवाजाने खेळ बदलतो

आवाज करायचा की नाही, याचं उत्तर प्रत्येक प्रकारात वेगळं आहे. ते मुलांना कारणासह सांगितलं की पटकन समजतं.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा "कबड्डी कबड्डी" हा दम पंचाला स्पष्ट ऐकू यावा लागतो. दम तुटला की नाही हे पंच कानांनी ठरवतात. मैदानाला खेटून उभे राहून आपण डबे आणि ताशे बडवले तर पंचाचा निर्णय चुकू शकतो. तो आपल्याच संघाच्या विरोधात जाण्याची शक्यताही तेवढीच असते. खो-खोत बसलेल्या खेळाडूला खो मागून मिळतो. तो स्पर्शाबरोबर शब्दानेही द्यायचा असतो आणि मोठ्याने द्यायचा असतो. गोंगाटात तो ऐकू आला नाही तर खेळाडू उठायला उशीर करतो. आणि प्रेक्षकांतल्या कुणी शिट्टी वाजवली तर? खेळाडू पंचांची शिट्टी समजून थांबतो. तेवढ्यात गडी बाद होतो. म्हणून मुलांना सांगायचं : ओरडा, जोरात ओरडा, पण रेषेपासून लांब राहून ओरडा. शिट्टी फक्त पंचांची.

वक्तृत्व आणि कथाकथनाचं उलट आहे. तिथे शांतता हीच मदत. तिसरीतली मुलगी माईकसमोर उभी राहते. तिच्या डोक्यात दोन पानांचं भाषण आहे आणि समोर तीनशे डोळे. मध्येच ती अडखळते. त्या वेळी प्रेक्षकांतून आलेलं एक "हुर्रे" किंवा हसणं तिच्या किती दिवस लक्षात राहतं, हे आपल्याला वर्गात कळतं. पुढच्या वर्षी "भाषणात नाव देऊ का?" विचारलं की ती मान खाली घालते. तिला परत स्टेजवर आणायला वर्ष-दोन वर्षं लागतात. हसणाऱ्या मुलांना याची कल्पनाही नसते. ती वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी काय करायचं, हे आधी शिकवता येतं : शांत बसायचं, तिच्याकडे बघायचं, आणि ती पुन्हा सुरू झाली की टाळी द्यायची.

समूहनृत्य आणि लेझीममध्ये टाळ्या ठेक्यावर पडल्या तर मुलांना जोर येतो. पण टाळ्यांचा वेग वाढत गेला तर संघाची लय सुटते. एवढी छोटी गोष्ट, पण वर्गात दोन मिनिटांत करून दाखवता येते. अर्ध्या वर्गाला लेझीम खेळायला सांगा, अर्ध्या वर्गाला मुद्दाम भरभर टाळ्या वाजवायला सांगा. काय होतं ते मुलंच सांगतील.

आवाज आणि शिस्त एकत्र नांदू शकतात याचं आपल्याकडचं चांगलं उदाहरण म्हणजे पुण्याचा पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. "अरे आवाज कुणाचा" या आरोळ्यांनी भरत नाट्य मंदिर दणाणून जातं, हे नाटक पाहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पण एकांकिका चालू असताना नाटक ऐकू आलंच पाहिजे. आरोळीला वेळ असते आणि ऐकण्याला वेळ असते. प्राथमिकच्या मुलांना एवढाच फरक कळला तरी खूप झालं.

शेवटच्या संघाचं काय?

एक गोष्ट आपल्या मोठ्यांच्या वागण्याची आहे. आपल्या शाळेचं नृत्य झालं की आपण मुलांना घेऊन उठतो. जेवण राहिलंय, टेम्पोवाला घाई करतोय, मुलांना घरी पोचवायचंय. कारणं खरी असतात. पण सगळ्याच शाळा असं करतात, आणि विसाव्या क्रमांकाचा संघ स्टेजवर येतो तेव्हा समोर परीक्षक, माईकवाला आणि रिकाम्या सतरंज्या एवढंच उरतं. त्या मुलांनीही आपल्या मुलांइतकाच सराव केलेला असतो. त्यांच्या आयांनीही रात्री जागून घागऱ्याला लेस लावलेली असते.

यावर उपाय आयोजनातच करता येतो. कार्यक्रमाचे दोन-तीन गट करायचे, प्रत्येक गटात सहा-सात शाळा. गट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, गट संपला की मोकळे. दिवसभर बसा म्हटलं तर कुणीच बसणार नाही. तासभर बसा म्हटलं तर बसतात.

मोबाईलचंही तसंच. आपल्या मुलाचं शूटिंग करायला पालक स्टेजसमोर उभे राहतात आणि मागच्या शंभर मुलांना फक्त पाठी दिसतात. एका बाजूला चुन्याची रेष मारून "शूटिंग इथूनच" अशी जागा ठेवली तर भांडण होत नाही. आणि आपण शिक्षक? दुसऱ्या शाळेचं गाणं चालू असताना मागे उभं राहून आपल्याही गप्पा चालतात. निकाल पटला नाही तर मुलांसमोरच पंचांशी हुज्जत घातली जाते. तक्रार जरूर करावी, पण ती टेबलाजवळ, एका शिक्षकाने, मुलांच्या माघारी. मुलं परिपाठातली सूचना विसरतात, पण सरांचा मैदानावरचा आवाज विसरत नाहीत.

कचऱ्याचं गणित

आता दुसरा भाग. हे गणित चौथी-पाचवीच्या मुलांना फळ्यावर घालून बघा.

समजा केंद्रस्तरावर २० शाळा आल्या. प्रत्येकी २५ मुलं, म्हणजे ५०० मुलं. शिक्षक, पालक, ग्रामस्थ मिळून २०० मोठी माणसं. प्रत्येक मुलामागे एक बिस्किटाचं वेष्टन, एक कागदी प्लेट आणि दोन ग्लास, म्हणजे ४ वस्तू. ५०० × ४ = २०००. मोठ्यांमागे एक प्लेट, चहाचे दोन कप, पाण्याचे दोन ग्लास, म्हणजे ५ वस्तू. २०० × ५ = १०००. एकूण ३००० वस्तू, एका दिवसात, एका मैदानावर.

यजमान शाळा दोन शिक्षकी आहे आणि पट ४० आहे असं धरा. ३००० ÷ ४० = ७५. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेतल्या पहिलीपासूनच्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला ७५ वस्तू उचलायच्या येतात. आदल्या दिवशी याच मुलांनी रांगोळी काढून आपलं स्वागत केलेलं असतं. गणित सुटलं की मुलांना विचारा, "हे बरोबर झालं का?" पुढचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

आणि उचलल्यावर तरी तो कचरा जातो कुठे? बऱ्याच गावांत शाळेमागच्या खड्ड्यात, किंवा जाळला जातो. कागदी कप नुसता कागदाचा नसतो, आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो सहज कुजत नाही. बिस्किट-वेफर्सच्या चकचकीत वेष्टनात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून भंगारवालासुद्धा ते घेत नाही. जाळलं की धूर मुलांच्याच नाकात. तसंच टाकलं तर उरलेल्या अन्नाच्या वासाने गाई-म्हशी येतात आणि अन्नाबरोबर प्लॅस्टिकही खातात.

नियमही आहेत. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले यांवर बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर शंभरपेक्षा जास्त माणसं जमणाऱ्या कार्यक्रमात ओला आणि सुका कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकांवरच टाकली होती. आपल्या केंद्राची स्पर्धा शंभराच्या कितीतरी वर जाते.

दुसऱ्याची जागा आणि आपली सवय

जपानच्या फुटबॉल प्रेक्षकांबद्दल आपण सगळ्यांनी वाचलंय. २०१८ च्या विश्वचषकात जपान दोन गोलांनी पुढे असूनही बेल्जियमकडून ३-२ ने हरला. प्रेक्षक रडत होते, पण पिशव्या काढून त्यांनी आपल्या रांगा साफ केल्या. खेळाडूंनी कपडे बदलायची खोली लख्ख करून रशियन भाषेत "धन्यवाद" अशी चिठ्ठी ठेवली. हे एकाएकी सुचत नाही. तिथल्या शाळांत मुलं रोज आपला वर्ग स्वतः झाडतात, पुसतात, त्याची ही सवय.

पण उदाहरणासाठी जपानपर्यंत जायलाच हवं असंही नाही. गाडगेबाबा एखाद्या गावात गेले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. गाव दुसऱ्याचं होतं, तरी झाडणं आपलं होतं. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी असते, नेमकी आपल्या स्पर्धांच्या दिवसांत. त्या दिवशीच्या परिपाठात फोटोला हार घालून झाल्यावर स्पर्धेला जाण्याची तयारी हाच विषय घेता येईल.

करून बघण्यासारखं

जाण्याआधी : एक तास "प्रेक्षक सराव" घ्या. एक गट सादर करेल, बाकीचे प्रेक्षक. कबड्डीचा प्रेक्षक, भाषणाचा प्रेक्षक, कुणी विसरलं तर काय, दुसरा संघ जिंकला तर काय. मुलांना हा खेळ फार आवडतो.

सोबत नेताना : प्रत्येकाकडे पाण्याची बाटली, पोषण आहाराचं ताट आणि पेला. वरच्या गणितात ताट-पेला घातला की मुलांचा कचरा २००० वरून ५०० वर येतो. वेष्टनांसाठी प्रत्येक शाळेने एक रिकामं पोतं न्यायचं आणि ते भरून आपल्याच गावी परत आणायचं.

तिथे गेल्यावर : आयोजकांनी प्रत्येक शाळेला बसायची जागा चुन्याने आखून द्यावी आणि शाळेचं नाव लिहावं. जागेवर नाव आलं की जबाबदारी आपोआप येते. ताटं धुवायच्या नळाजवळ उष्ट्यासाठी वेगळी बादली हवी.

निघताना : पाच मिनिटं आधी उठायचं, आपली जागा बघायची, यजमान शाळेच्या मुलांना आणि स्वयंपाकीण ताईंना "येतो" म्हणून निघायचं.

इथे दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. झाडू फक्त मुलींच्या हातात जाऊ देऊ नका. आपल्याकडे ते नकळत होतं. आणि सफाई ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. दंगा केला म्हणून कचरा उचल असं सांगितलं की कचरा उचलणं म्हणजे अपमान हे त्या मुलाच्या मनात पक्कं बसतं. मग ते मूल मोठं झाल्यावर कचरा उचलणाऱ्या माणसाकडेही तसंच बघतं.

"उत्कृष्ट प्रेक्षक संघ" असं एक प्रमाणपत्र ठेवलं तर सुरुवातीला उपयोग होतो. परीक्षक मात्र यजमान शाळेची मुलं असावीत. मैदान त्यांचं आहे, आणि दुसऱ्या दिवशी ते कसं दिसतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पालकांनाही एक विनंती. स्पर्धेहून घरी आल्यावर "नंबर आला का?" हे आपण विचारतोच, विचारावंच. त्याला जोडून आणखी एक विचारा : "दुसऱ्या शाळेचं तुला काय आवडलं?" उत्तर देता यावं म्हणून पुढच्या वेळी मूल समोर बघत बसेल. नंबर तीनच शाळांचे येतात. चांगलं बघून, ऐकून आणि जागा स्वच्छ ठेवून घरी येणं मात्र वीसच्या वीस शाळांना जमण्यासारखं आहे.

आपल्या केंद्रात याआधी असे काही प्रयोग झाले असतील तर पुढच्या शिक्षण परिषदेत जरूर मांडा. आपण सगळे मिळून ठरवलं तर याच वर्षीच्या स्पर्धेपासून सुरुवात होऊ शकते.